आम्ही म्हणजे तू सोडून

संघातून काढायचं असेल तर सांगावं. डोळ्यांत डोळे घालून सांगा असंही मी म्हणत नाही. फोनवर सांगा, मेसेज टाका, पण तुम्ही सांगा. मला माझी बातमी एका म्हाताऱ्याने दिली, आणि तेव्हा त्याच्या हातात माझी सुई होती.

पहिल्यापासून सांगते.

मी चैत्राली. कॅनडात, टोरंटोजवळच्या व्हिटबीत राहते, लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते आणि हिवाळाभर कर्लिंग खेळते. चौघींचा संघ असतो. बर्फाच्या लांब पट्टीवरून वीस किलोचा दगड घसरवत सोडायचा आणि दोघींनी त्याच्या पुढे झाडूने बर्फ घासत पळायचं. घासलं की दगड लांब जातो, सरळ जातो. पलीकडच्या टोकाला वर्तुळं रंगवलेली असतात, त्याला घर म्हणतात. त्या घरात उभी राहून जी ओरडते ती स्किप, म्हणजे कप्तान. आणि जी पहिले दोन दगड टाकते आणि नंतर बाकीच्यांच्या सहा दगडांपुढे मरमर घासते, ती लीड. मी लीड. टीव्हीवर स्किपचा चेहरा दिसतो, लीडचं टाळकं दिसतं.

माझे बाबा, प्रताप, नागपूरहून इंजिनियर म्हणून इथे आले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आज सत्तावीस वर्षांची आहे, तरी बॅग खांद्याला लावली की ते विचारतात, "काय वं, फरशी पुसायला चालली काय?"

"हो. घरची पुसून झाली, आता दुसऱ्यांची."

"दुसऱ्याची पुसशील तर दुसऱ्याचीच चमकते," असं ते म्हणायचे. मी हसून दार लावून घ्यायचे.

आमची स्किप अनात चेऊलकर. टोरंटोत जन्मलेली. तिची आई रोझमावशी अलिबागकडची, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू. आडनाव चौलचं, शनिवार शब्बाथचा आणि भाषा माझीच. चौदाव्या वर्षी ज्युनियरच्या शिबिरात शेजारच्या पट्टीवरून मला ऐकू आलं, "अगं आई गं, मेला दगड." मी झाडू टाकून बघायला गेले. तिथून आमचं जुळलं.

अनातचं मराठी स्वयंपाकघरातलं होतं. जेवण, शिव्या, आजारपण, सगळं फाडफाड. एकाच जागी अडायची. आम्ही एकत्र पहिली टूर्नामेंट जिंकलो तेव्हा ती घरातून पळत आली, माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "चैत्राली, आम्ही जिंकलो."

"तुम्ही जिंकलात? मग मी कुठे होते, वॉशरूममध्ये?"

तिला कळेना. मग क्लबच्या पार्किंगमध्ये, उणे पंधरात, मी तिला शिकवलं. आपण म्हणजे तू धरून. आम्ही म्हणजे तू सोडून.

"इंग्लिशमध्ये दोन्हीला एकच आहे," ती म्हणाली. "वी."

"म्हणून इंग्लिशमध्ये फसवायला सोपं जातं." चौदा वर्षांची होते, शहाणपणा उतू जात होता.

दुसऱ्या दिवशी तिने दोघींच्या झाडूंच्या दांड्यांवर काळ्या मार्करने लिहिलं: आपण. प वाकडा आला होता. पुढे झाडू बदलले, मार्कर बदलले, शब्द तोच राहिला. तेरा वर्षांत ती पुन्हा चुकली नाही. हे लक्षात ठेवा.

बर्फावर आमचे दोन शब्द होते. घास आणि सोड. अनात पलीकडून ओरडायची, "घास, घास, घास," की मी जीव काढायचे. "सोड" म्हटलं की झाडू वर. जेसी आमची तिसरी आणि ब्रियाना दुसरी. दोघी इथल्याच, पण त्याही शिकल्या. समोरच्या संघांना कळायचं नाही. एकदा टीव्हीवरच्या बाईने सांगितलं की हा संघ सांकेतिक भाषा वापरतो. बाबा आठवडाभर हसत होते.

आता मार्चकडे येते.

ऑलिम्पिकचं चक्र चार वर्षांचं असतं. ते संपलं की वसंतात कॅनडातले निम्मे संघ फुटतात आणि नवे जुळतात. बर्फ काढलेला असतो, खेळायला काही नसतं, मग सगळे बोलतात. कोण कोणाला सोडणार, कोण कोणाकडे जाणार, कोणाचं कोणाशी पटत नाही. लग्नं जुळवणाऱ्या बायका परवडल्या. एक वेबसाइट तर नुसती याद्या ठेवते: ठरलेल्या, फुटलेल्या आणि उरलेल्या. मीही दिवसातून चार वेळा बघायचे. दुसऱ्यांचे संसार मोडताना बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू.

आमचा हंगाम बरा गेला होता. प्रांताच्या फायनलला एका गुणाने हरलो. अनातचा शेवटचा दगड आखूड पडला. मी इतकं घासलं की दोन दिवस कंगवा धरता येईना, तरी तो घराच्या दाराशीच थांबला. मी काही बोलले नाही. लीडने बोलायचं नसतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, विंटर टायर काढायला गाडी दिली होती तेव्हा, मी एक पॉडकास्ट ऐकत बसले होते. दोन पुरुष बेसमेंटमध्ये बसून बायकांचे संघ पाडतात आणि उभे करतात. त्यातला एक म्हणाला, "टीम चेऊलकरची लीड जाणार असं ऐकतोय. व्हँकुव्हरची कोर्टनी नोकरीसाठी टोरंटोला येतेय."

मी तिथूनच अनातला फोन लावला.

"अगं, मला काढलंस म्हणे."

"कोण म्हणतं?"

"ते बेसमेंटवाले दोघे."

"त्यांना एप्रिलमध्ये काय काम? बर्फ वितळला की डोकं वितळतं त्यांचं," अनात म्हणाली. "जेवलीस का?"

ती जेवणाचं का विचारते याचा मी विचार केला नाही. आपल्यात विचारतातच.

त्याच आठवड्यात लंडनहून फोन आला. इथलं लंडन, आमच्यापासून अडीच तासांवरचं. तिथली स्किप हेदर म्हणाली, आमच्या लीडला बाळ होणार आहे, ती खेळ सोडतेय, तू ये. चार वर्षांसाठी, पुढच्या ऑलिम्पिकपर्यंत. तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माणसं हवीच असतात, नोकरीचंही बघू. "पण रविवार संध्याकाळपर्यंत सांग. माझ्याकडे दुसरी तयार आहे."

हेदरचा संघ आमच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली होता, पण चांगला होता. मी रविवारपर्यंत वेळ घेतला. जाण्यासाठी नाही. कोणीतरी मागणी घातली की बरं वाटतं, तेवढ्यासाठी.

आणि रविवारी दुपारी रोझमावशींकडे मलिदा होता.

ज्यूंचा वल्हांडणाचा सण उलटून गेला होता. थॉर्नहिलच्या त्यांच्या कॉन्डोत वेलचीचा वास लिफ्टपर्यंत येत होता. मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, वर पाच फळं. नवस फेडायचा असला की एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने करतात. मावशींनी मला नारळ खवायला लवकर बोलावलं होतं.

"अनातला विळीवर बसवलं तर खोबऱ्याबरोबर बोटं पण वाढावी लागतील," मावशी म्हणाल्या. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "आलीस, बरं केलंस. मन मोठं आहे हो बाय तुझं."

मला वाटलं, लांबून आले म्हणून म्हणतात. "मन कसलं मावशी, रस्ताच मोकळा होता."

"तरी. सगळ्यांना जमत नाही."

"नवस कसला होता?"

"पोरीची पुढली चार वर्षं मार्गी लागू दे म्हटलं होतं. लागली." त्यांनी पोह्यांवर पाणी शिंपडलं. "फेडून टाकला की आपण मोकळे."

अनातची चार वर्षं म्हणजे माझी चार वर्षं. मी आणखी एक नारळ खवला.

प्रार्थना झाली, जेवणं झाली. मी आणि अनात सिंकपाशी उभ्या होतो, मी घासत होते आणि ती पुसत होती. तिथेही मीच घासत होते, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय. मी तिला लंडनचं सांगितलं. हेदर, चार वर्षं, लॅबची नोकरी, सगळं.

"संध्याकाळपर्यंत कळवायचंय," मी म्हटलं. "नाही म्हणणार आहे. म्हणू ना?"

अनातने ताटली पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. मग म्हणाली, "आम्ही सप्टेंबरात स्वित्झर्लंडला खेळायला जाणार आहोत. आमचं कालच नक्की झालं."

मी ओल्या डावाने तिच्या दंडावर मारलं. "आपण. तेरा वर्षांनी परत पहिलीत बसवू का तुला?"

तिने माझ्याकडे बघितलं. नळ चालू होता. बाहेरच्या खोलीत मावशी कोणाला तरी केळं घे, केळं घे, म्हणत होत्या.

"हो," अनात म्हणाली. "आपण."

खाली व्हिजिटर पार्किंगमध्ये गाडीत बसून मी हेदरला फोन केला आणि नाही म्हटलं. ती म्हणाली, "नक्की?" मी म्हटलं, "माझा संघ आहे." असं म्हणताना छाती पुढे आली होती. मांडीवर मावशींनी दिलेला मलिद्याचा डबा होता.

मंगळवारी साडेबाराला माझ्या खुर्चीत रॉस बसला. ब्याऐंशी वर्षांचा, पन्नास वर्षं आमच्या क्लबात खेळलेला, बाबांच्याही ओळखीचा. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, म्हणून दर पंधरवड्याला तपासणीला येतो. शिरा अवघड आहेत त्याच्या, पळतात. माझ्याशिवाय कोणाला हात देत नाही. मी पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई आत गेली. बाटलीत रक्त यायला लागलं आणि तो म्हणाला, "फार वाईट वाटलं गं वाचून. इतकी वर्षं खेळलात एकत्र."

"काय वाचून?"

रॉसचं तोंड पडलं. त्याला कळलं की मला माहीत नाही. हात हलवता येत नव्हता, सुई आत होती. त्याने दुसऱ्या हाताने मांडीवरचा फोन माझ्याकडे सरकवला.

बर्फाळ निळ्या पार्श्वभूमीवर माझा फोटो. 'धन्यवाद, चैत्राली. तुझ्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.' खाली दुसरं चित्र: 'स्वागत, कोर्टनी.' दोन्ही बाराच्या ठोक्याला टाकलेली. माझ्या फोटोत माझ्या हातात झाडू होता आणि दांडीवरचा शब्द अर्धा कापला गेला होता. 'आप' एवढंच दिसत होतं.

मी बाटली भरू दिली. सुई काढली, कापूस दाबला, टेप लावली. रॉसच्या हातावर डागसुद्धा पडला नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. माझ्या हाताखालचं काम मी बिघडू दिलं नाही.

पाचला सुटले ती थेट क्लबवर. बर्फ काढून झाला होता. खाली नुसतं करडं सिमेंट, त्यावर पंखे फिरत होते. लॉकर रिकामे करायचा शेवटचा आठवडा होता. अनात आणि जेसी तिथेच होत्या. माझ्या लॉकरवरची नावाची पट्टी निघालेली होती.

जेसी माझ्याकडे आली आणि मिठी मारायला लागली. मी मागे झाले.

"तू हे इतकं छान घेतलंस," जेसी इंग्लिशमध्ये म्हणाली. "अनातने सांगितलं तेव्हा मला रडू आलं."

"काय सांगितलं?"

"की रविवारी तुमच्या त्या जेवणाला तिने तुला सांगितलं. तुमच्या भाषेत. आणि तू हसलीस."

मी अनातकडे बघितलं. ती बुटांच्या पिशवीची नाडी बांधत होती.

"काय सांगितलंस गं तू मला?" मी मराठीत विचारलं.

"मी सांगितलं होतं."

"काय?"

"मी आम्ही म्हटलं होतं," अनात म्हणाली. "दोनदा म्हटलं. तूच मला दुरुस्त केलंस."

पंखे गरगर करत होते. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मग कळलं की नाही झाली. बाई सत्तावीस वर्षांची, लाखो लोकांसमोर शेवटचा दगड टाकणारी, आणि तेरा वर्षांच्या मैत्रिणीला काढायचं तर हिने एका सर्वनामात काढलं. मी शिकवलेल्या. आणि मी तिचं व्याकरण तपासत बसले.

"आणि मग? मी दुरुस्त केल्यावर तू काय म्हणालीस?"

तिने नाडीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

"हो, आपण, म्हणालीस. तुझ्या आईच्या सिंकपाशी. मी लंडनला नाही म्हणणार आहे हे ऐकून म्हणालीस."

"कोर्टनीने तेव्हा सही केली नव्हती," अनात हळू म्हणाली. "सोमवारी केली. ती नाही म्हणाली असती तर तू..."

"तर मी होतेच."

"ती हलकी आहे, लांब घासते. खांदा चांगला आहे तिचा. आम्ही खूप विचार केला, चैत्राली. बारा वाजायच्या आत मी फोन करणार होते, पण मीटिंग लांबली."

"आता बरोबर बोललीस," मी म्हटलं. "आम्ही."

जेसी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. तिला शब्द कळत नव्हता, पण चेहरा उतरला होता. जाताना तिने मला सांगितलं, कदाचित माझी कीव येऊन, कदाचित अनातवर चिडून, की कोर्टनी घास आणि सोड शिकली आहे. अनातने तिला आवाज रेकॉर्ड करून पाठवले होते. केव्हा? मार्चमध्ये. म्हणजे मी तिच्या आखूड दगडापुढे घासून कंगवा धरू शकत नव्हते, त्याच्या पुढच्या आठवड्यात.

गाडीतून हेदरला फोन केला. माझा आवाज ऐकून तिला कळलं. "काल संध्याकाळी भरली जागा," ती म्हणाली. "तू नक्की म्हणालीस ना." तिची काही चूक नाही.

घरी बाबा किचनमध्ये डाळीला फोडणी देत होते. मला वाटलं, फरशीवरून काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "रॉसचा फोन आला होता. माझ्यामुळे पोरीला वाईट रीतीने कळलं म्हणून माफी मागून राहिला होता." मग गॅस बारीक केला. "त्यानं कायले मागावी माफी?"

तेवढ्यात रोझमावशींचा फोन. त्या रडत होत्या. "मला अनात म्हणाली, चैत्रालीला सांगितलंय, तिला चालतंय. म्हणून तर मी तुला बोलावलं गं. नाहीतर माझ्या घरचा नारळ तुझ्या हातून खवून घेतला असता का, तुला बाहेर काढायच्या नवसाचा?"

मी म्हटलं, "मावशी, डबा आणून देते." दुसरं काय बोलणार होते. मलिदा अर्धा शिल्लक होता. पोहे कडक झाले होते.

बुधवारी सकाळी त्या याद्यांच्या वेबसाइटवर माझं नाव आलं. उरलेल्यांच्या यादीत. समोर लिहिलं होतं: 'परस्परसंमतीने वेगळ्या. बोलणी मराठीत झाल्याचं कळतं.' त्याखाली लोकांनी हृदयं टाकली होती. किती सुसंस्कृत, किती छान, असंच व्हायला हवं.

मी लॅबच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि स्वतःच्या नावाने लिहिलं. संमती नव्हती. मला एका पेशंटकडून कळलं. रविवारी मी स्किपला दुसऱ्या संघाची मागणी सांगितली, तिने मला संघात आहेस असं भासवलं, मी ती मागणी सोडली, सोमवारी तिने दुसरीची सही घेतली. बोलणी मराठीत झाली हे खरं. मराठीत 'वी'ला दोन शब्द आहेत. तिने आधी खरा वापरला आणि मी विचारल्यावर खोटा.

एवढंच. शिवी नाही, रडणं नाही. टाकलं आणि कामाला गेले.

हा खेळ लहान आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात, सगळे छान वागतात, हरल्यावर हात मिळवतात. असं लिहिणारीला पुढे कोणी घेत नाही. लिहिताना मला हे माहीत होतं, आणि दहाच्या सुट्टीत फोन बघितला तेव्हा खाली कोणीतरी लिहिलंही होतं: 'हिला घेताना विचार करा.'

सव्वादहाला अनातचा फोन आला. मी वॉशरूमच्या बाहेर उभी राहून घेतला.

"काढ ते," ती म्हणाली. धाप लागली होती तिला, पळत आल्यासारखी. "चैत्राली, प्लीज काढ. स्पॉन्सर विचारतायत. तुलासुद्धा कोणी घेणार नाही. हे आपल्याला फार महागात पडेल."

मी ऐकलं. मला हसू आलं नाही, पण वीस वेळा दुरुस्त केलेल्या पोराची वही पुन्हा समोर आल्यावर मास्तरणीला जे येत असेल ते आलं.

"तुम्हाला," मी म्हटलं.

"काय?"

"आपल्याला नाही. तुम्हाला महागात पडेल. म्हण."

फोनवर तिच्या मागे कुठेतरी दार आपटलं. मी थोडा वेळ थांबले, त्या पार्किंगमधली जुनी सवय, ती चूक सुधारून वाक्य पुन्हा म्हणेपर्यंत थांबायची. मग खिडकीतून पुढचा नंबर पुकारला गेला. मी फोन ठेवला, हातमोजे चढवले आणि आत गेले. जे लिहिलं ते तसंच आहे.